नॉयमानसाहेबांच्या साइटवर

जर्मनीत लेकीकडे गेलं की फिरायचे बेत तीच आखते. या खेपेचा बेत माझा होता. मी आयुष्यभर सरकारी बांधकामात नोकरी केली, अंदाजपत्रकं, एम.बी. (मोजमापाच्या वह्या) आणि वरच्या साहेबांचे शेरे यांत केस पांढरे झाले. त्यामुळे बाल्टाझार नॉयमान हा मनुष्य मला थोर कलावंत म्हणून नव्हे, तर खात्यातला माणूस म्हणून बघायचा होता. जर्मन बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातली भपकेदार शैली) वास्तुकलेत याच्या तोडीची नावं फार थोडी. पण घर चालायचं ते वुर्झबुर्गच्या राजबिशपाच्या पदरी बांधकाम संचालक म्हणून मिळणाऱ्या पगारावर, आणि जोडीला तोफखान्यातला हुद्दा.

राजबिशप म्हणजे धर्मगुरूही तोच आणि राजाही तोच. ही गादी वारसाहक्काने जात नसे. एक गेला की कॅथेड्रलचं मंडळ दुसऱ्याला निवडून देई. म्हणजे दर काही वर्षांनी नवा साहेब, नवी आवड, नवी तिजोरी. नॉयमानने असे पाच साहेब पाहिले. ही यादी वाचली तेव्हाच मी मनात म्हटलं, याच्या साइटवर जायलाच हवं.

गुरुवार

बायर्न तिकीट, म्हणजे बायर्न राज्यात दिवसभर रेल्वेने फिरायचं तिकीट, आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतं, म्हणून न्यूर्नबर्गहून निघायलाच साडेनऊ झाले. गाडी सव्वा तासात वुर्झबुर्गला पोचली. स्टेशनवर सामान लॉकरमध्ये टाकलं आणि चालत निघालो. पंधरा मिनिटांत समोर भलंमोठं दगडी मैदान आणि त्यामागे रेसिडेन्झ, म्हणजे राजबिशपाचा वाडा. "एवढं एका बिशपला लागतं?" हिने विचारलं. तीनशेवर खोल्या आहेत, मी सांगितलं. ही नुसती हं म्हणाली.

यामागे पैशाची एक गोष्ट आहे. 1719 मध्ये योहान फिलिप फ्रान्झ फॉन शोनबोर्न राजबिशप झाला. त्याआधीचे बिशप नदीपलीकडच्या मारिएनबर्ग किल्ल्यावर राहत. याला गावात, सपाटीवर, व्हर्सायच्या थाटाचा वाडा हवा होता. त्याच सुमारास अफरातफरीच्या एका प्रकरणात दरबारातल्या बड्या अधिकाऱ्याकडून काही लाख गुल्डन वसूल झाले आणि तीच रक्कम वाड्याला लागली. वसुलीच्या पैशातून उभं राहिलेलं काम मी नोकरीत एकदाही पाहिलं नाही, म्हणून मला याचं विशेष कौतुक. 22 मे 1720 ला पायाभरणी झाली.

एवढं मोठं काम ज्याच्या हाती दिलं, तो तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. बोहेमियातल्या एगर गावच्या कापड विणणाऱ्याचा हा मुलगा. शिकला ते घंटा आणि तोफा ओतण्याचं काम. 1711 मध्ये वुर्झबुर्गला आला तोही ओतारी कारागीर म्हणूनच. इथे एका लष्करी इंजिनिअरने त्याला हाताशी धरलं. भूमिती, मोजणी, तटबंदीचं शास्त्र शिकायला एगरच्या नगरपालिकेने कर्ज दिलं. पुढे तो तोफखान्यात शिरला आणि 1717 मध्ये बेलग्रेडच्या मोहिमेवर जाऊन आला. तोवर याच्या नावावर सांगण्यासारखी एकही इमारत नव्हती.

अर्थात साहेबांनी सगळं त्याच्यावर सोडलं नव्हतं. शोनबोर्न घराण्याला बांधकामाचं व्यसनच होतं. काका माइन्झचा मुख्य बिशप, भाऊ व्हिएन्नात साम्राज्याचा उपचॅन्सलर. दोघांचेही आपापले वास्तुतज्ज्ञ: माइन्झकडून माक्सिमिलियान फॉन वेल्श, व्हिएन्नाकडून लुकास फॉन हिल्डेब्रांट. नकाशे घोड्यावरून इकडून तिकडे फिरत आणि प्रत्येक जण त्यात आपली रेघ ओढे. तेवढ्याने भागलं नाही म्हणून 1723 मध्ये नॉयमानला नकाशे देऊन पॅरिसला धाडलं. तिथे रोबेर द कोत आणि जेर्मँ बोफ्राँ यांनी ते तपासले. मूळ नकाशात प्रवेशदालनाच्या दोन्ही अंगांना एकेक भव्य जिना होता. दोन कशाला, एक पुरे, हा सूर तिथून आला. दुसरा जिना शेवटी गळाला. तांत्रिक छाननीत काम कापलं जातं आणि त्यातूनच ते सुधारतं, असं फार क्वचित घडतं. इथे घडलं.

तो उरलेला जिना बघायला आम्ही आत शिरलो.

प्रवेशाचं दालन ठेंगणं आणि अंधारं आहे. बग्ग्या थेट आत येऊन वळाव्यात एवढं ते रुंद ठेवलंय, पण छत डोक्याशी आल्यासारखं वाटतं. डावीकडे जिना सुरू होतो. पायऱ्या इतक्या बुटक्या की हिच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. लांब झग्यातल्या बायकांना खाली न बघता चढता यावं, असा तो हिशेब. पहिल्या दहाबारा पायऱ्यांवर छताचा फक्त एक तुकडा दिसतो. पाऊल पडेल तसा तो तुकडा वाढत जातो. मधल्या टप्प्यावर पोचून तुम्ही उलट दिशेला वळता, कारण तिथून जिना दुभंगून मागे येतो, आणि तेव्हा अख्खं छत एकदम अंगावर येतं. मी वळलो आणि कठडा धरून तिथेच थांबलो. मागून येणारी जपानी मंडळी शांतपणे वळसा घालून पुढे गेली.

हे छत सुमारे 18 मीटर रुंद आणि 32 मीटर लांब आहे, आणि खाली एकही खांब नाही. वर सपाट स्लॅब नाही, दगडी व्हॉल्ट, म्हणजे कमानदार छत आहे; उथळ, पालथ्या परातीसारखा. यासाठी टफ नावाचा सच्छिद्र दगड वापरला, तो वजनाला हलका. हे बांधलं 1742-43च्या सुमारास. मला राहून राहून सेंटरिंगचा, म्हणजे बांधताना खालून दिलेल्या तात्पुरत्या आधाराचा, विचार येत होता. एवढ्या गाळ्याला खालून किती लाकूड लागलं असेल, आणि ते उतरवायच्या दिवशी साइटवर कोण कोण उभं असेल! असं म्हणतात की हिल्डेब्रांटने, हे छत टिकलं तर मी स्वखर्चाने त्याखाली फास लावून घेईन, असं सांगितलं. त्यावर नॉयमानने, मग खाली तोफांची बॅटरी डागून बघा, असं उत्तर दिलं. दंतकथाच ती. पण तोफखान्यातल्या माणसाच्या तोंडी शोभते.

छताची खरी परीक्षा 16 मार्च 1945 च्या रात्री झाली. ब्रिटिश विमानांनी वीसेक मिनिटांत जुनं वुर्झबुर्ग जाळून टाकलं, सुमारे पाच हजार माणसं मेली. रेसिडेन्झचं लाकडी छप्पर पेटलं आणि जळत्या कैच्या थेट या व्हॉल्टवर कोसळल्या. व्हॉल्ट हलला नाही. पुढे धोका होता पावसाचा. कलावस्तू वाचवण्याच्या कामावर आलेल्या जॉन स्किल्टन या अमेरिकन अधिकाऱ्याने नदीतले ओंडके मिळवले, करवतीची गिरणी गाठली आणि त्याच वर्षी वर तात्पुरतं छप्पर घातलं. त्याच्या कामाची माहिती वाड्यातच एका खोलीत मांडली आहे. तिथे फारसं कोणी थांबत नव्हतं. मी थांबलो.

छतावरचं चित्र व्हेनिसच्या टिएपोलोचं. चढताना समोर अमेरिका खंड येतो. मगरीवर बसलेली बाई. आशिया हत्तीवर, आफ्रिका उंटासोबत. वळल्यावर युरोप, आणि तिथे वर तेव्हाच्या राजबिशपाची तसबीर. त्याच बाजूला खाली कडेशी, तोफेच्या नळीवर आरामात रेललेला, लष्करी गणवेशातला एक माणूस दिसतो. जवळ कुत्रा. हाच नॉयमान. हातात नकाशा नाही, गुण्या नाही. आपल्याच छताखाली बसून कसलीही घाई नसलेला चेहरा. हिला तो फार आवडला. "रिटायर झालेला दिसतोय," म्हणाली. प्रत्यक्षात तो रिटायर झालाच नाही. 1753 च्या ऑगस्टमध्ये गेला तेव्हाही पदावरच होता.

बाकीच्या दालनांवर मी फार लिहीत नाही. आरसेमहाल युद्धात गेला होता, तो पुन्हा केलाय. डोळे दिपतात आणि पुढे सरकावंसं वाटतं. वाड्यातलं चर्च मात्र चुकवू नका. बाहेरून खिडक्यांची रांग इतर वाड्यासारखीच ठेवायची, दर्शनी भागाला हात लावायचा नाही, असं बंधन होतं. नॉयमानने आत तीन लंबगोल एकमेकांत गुंफले आणि भिंती अशा वळवल्या की आपण आयताकृती खोलीत उभे आहोत हे कळतही नाही. बाहेर येऊन मी खिडक्या पुन्हा बघितल्या. शिस्तीत, ओळीने. आत काय चाललंय याचा पत्ता नाही.

शुक्रवार

आजचा दिवस गावासाठी. सकाळी बाजारचौकातल्या लाल-पांढऱ्या मारिएनकापेलेत गेलो. नॉयमान इथे पुरला आहे. मोठी समाधी वगैरे शोधू नका. बाहेर शतावरी आणि स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या लागलेल्या, आत थंडावा. लेक म्हणाली, "बाबा, एवढ्या राजवाडेवाल्याची एवढीशी जागा?" मी म्हटलं, अगं, राजवाडा त्याचा नव्हता, साहेबांचा होता.

नॉयमानचं गावातलं काम वाड्यापेक्षा मला अधिक ओळखीचं वाटलं. तटबंदीची डागडुजी, पूल, रस्ते, खाजगी घरांच्या नकाशांना मंजुरी, सगळं त्याच्याकडे. आखून दिलेल्या पद्धतीने दगडी दर्शनी भाग बांधणाऱ्याला करात सवलत मिळे. नुसता हुकूम काढून लोक ऐकत नाहीत, सवलत दिली की ऐकतात, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. 1730च्या दशकात त्याने शहरात नळाने पाणी आणलं. त्याच काळात तो विद्यापीठात नागरी आणि लष्करी बांधकाम शिकवू लागला. हे सगळं सांभाळून व्हिएन्नात बसलेल्या फ्रीडरिश कार्ल या साहेबांना (तोच उपचॅन्सलर भाऊ, आता राजबिशप झालेला) सतत पत्रं: आज अमुक भिंत इथवर आली, दगड पोचला, पैसे पोचले नाहीत.

फ्रान्सिस्कानर गल्लीत त्याचं घर होतं. तिथे छपरावर त्याने एक उंच सज्जा बांधून घेतला, म्हणे शहरातली सगळी कामं घरबसल्या दिसावीत म्हणून. घरात बसून मुकादमाला धाक! ही कल्पना मला नोकरीत सुचली असती तर मजा आली असती. आणखी एक गोष्ट मात्र आमच्या काळात अजिबात खपली नसती. श्टायगरवाल्डच्या जंगलातला काचकारखाना नॉयमान स्वतः चालवायचा, आणि वुर्झबुर्गला आरशांचं कामही. म्हणजे वाड्याच्या खिडक्यांचा हिशेब तपासणारा अधिकारी आणि काच पुरवणारा कारखानदार एकच. आमच्याकडे विभागीय चौकशी लागली असती. तिथे साहेब खूश होते, कारण काच बाहेरून आणायची वेळ आली नाही.

दुपारी जुन्या पुलावरून किल्ल्याकडे निघालो. पुलावर भरदुपारी माणसं हातात वाइनचे पेले घेऊन उभी असतात. पेल्याची अनामत आधी भरायची, पेला परत केला की पैसे परत. लेकीने झिल्वानर घेतली, आम्ही दोघांनी द्राक्षाचा रस. पुलावरून उजवीकडे नदीकाठी दोन हात असलेली एक दगडी क्रेन दिसते. ती जुनी यारी नॉयमानच्या मुलाने, फ्रान्झ इग्नाझने, 1770च्या सुमारास बांधली. बापाचा धंदा आणि तोफखान्यातली नोकरी, दोन्ही त्याने पुढे चालवलं.

किल्ल्याची चढण उभी आहे. उतारावर मध्येच एक गोल, ठेंगणा, जाड भिंतींचा बुरूज लागतो, माशिकुली बुरूज. 1720च्या दशकातलं नॉयमानचं काम. एकीकडे वाड्यात सोन्याचा मुलामा आणि त्याच वर्षांत हा भक्कम, ओबडधोबड ठोकळा. मला हा ठोकळाही आवडला. वर किल्ल्याच्या संग्रहालयात रीमेनश्नायडर या शिल्पकाराचे आदम आणि ईव्ह आहेत, ते लोक मुद्दाम बघायला जातात. आम्हीही गेलो. तोवर पायांचे तुकडे पडले होते, म्हणून त्याबद्दल इतकंच.

संध्याकाळी चीजचं श्पेट्झ्ले खाताना लेकीने पाकिटातून एक जुनी नोट काढली. पन्नास मार्क. तिच्या शेजारच्या आजींनी बघायला दिली होती. पुढे नॉयमानचा चेहरा, मागे त्याचा जिना. 1991 पासून युरो येईपर्यंत ही नोट चालत होती. बांधकाम खात्यातल्या अधिकाऱ्याचा फोटो नोटेवर! मी नोट दोनदा दिव्यापुढे धरली. आजींची आहे, दुमडू नको, असं हिने बजावलं.

शनिवार

सकाळच्या गाडीने बाम्बर्गमार्गे बाड श्टाफेलश्टाइन. तिथून फिएरत्सेनहायलिगेन म्हणजे चौदा संतांचं तीर्थक्षेत्र, शेतांमधून तासाभराची चाल. समोरच्या टेकडीवर बान्झचा मठ आणि इकडे पिवळ्या दगडाचे दोन उंच मनोरे. मध्ये माइन नदीचं खोरं. वाटेत जथ्याने चालणारे यात्रेकरू भेटले, पुढे झेंडा, मागे गाणं.

1445-46 मध्ये इथल्या मठाच्या एका मेंढपाळाला शेतात लहान मूल दिसलं, नंतर तेच आणखी चौदा मुलांसह. जिथे दिसलं तिथेच वेदी. हे ठिकाण म्हणजे स्वयंभू देवाचं ठाणं समजा. मंदिर कितीही मोठं करा, देव हलवता येत नाही. आणि इथेच सगळी गंमत झाली.

नॉयमानचा नकाशा मंजूर झाला तो बाम्बर्गचा बिशप म्हणून फ्रीडरिश कार्लने आग्रह धरल्यामुळे. 1743 मध्ये पायाभरणी झाली. वेदी नेमकी छेदावर, म्हणजे क्रुसाच्या आकाराच्या चर्चचे दोन हात एकमेकांना छेदतात तिथे, घुमटाखाली यायची होती. पण जमीन लांगहाइमच्या मठाची, पैसा मठाचा, आणि मठाधिपतीला काम स्वस्तात हवं होतं. त्याने साइटवर वायमारच्या दरबारातला क्रोने नावाचा वास्तुकार नेमला. क्रोनेने नकाशा आपल्या मनाने फिरवला आणि पूर्वेच्या भिंती जमिनीवर आल्यासुद्धा. नॉयमानने येऊन पाहिलं तो छेद सरकलेला आणि पवित्र जागा भलतीकडे, लोक उभे राहतात त्या मधल्या दालनात.

यावर मी काय केलं असतं? नोटीस काढली असती, भिंत पाडायला लावली असती आणि तीन वर्षं फाइल फिरवली असती. तक्रार नॉयमाननेही केली. क्रोने गेला आणि कामावर दुसरा माणूस आला. पण उभ्या भिंती त्याने पाडल्या नाहीत. 1744 मध्ये आतली मांडणी नव्याने केली. वेदी आहे तिथेच ठेवून तिच्याभोवती एक मोठा लंबगोल आखला आणि चर्चचं केंद्रच तिथे आणलं. मग छेदावर काय? तिथे, जिथे घुमटाची सवय झालेली नजर घुमट शोधते, तिथे घुमटच नाही. चारी बाजूंचे व्हॉल्ट येऊन एकमेकांना टेकतात, कमानी पिळल्यासारख्या वाकतात, आणि वरची जागा आवळली जाते.

आत शिरल्यावर हे काही कळत नाही. पांढरं, गुलाबी, सोनेरी, आणि मध्येच रथासारखी ती वेदी. मी छेदाच्या बरोबर खाली उभा राहून वर पाहिलं आणि मग मागे वेदीकडे. दहा पावलं पुढे, दहा मागे, असं बराच वेळ चाललं होतं. एका आजोबांनी काही हरवलंय का असं विचारलं. लेकीने मी इंजिनिअर आहे असं सांगितलं, तसं ते समजूतदारपणे मान हलवून गेले.

नॉयमानने हे पूर्ण झालेलं पाहिलं नाही. चर्चचा अभिषेक 1772 मध्ये झाला.

बाहेर मठाच्या जुन्या ब्रुअरीच्या अंगणात लाकडी बाकं आहेत. इथली डार्क बिअर प्रसिद्ध, चौदा संतांच्याच नावाने मिळते. मघाचे झेंडेवाले यात्रेकरू आधीच पोचले होते. तीर्थाच्या दारातच बिअर बघून हिला आधी अवघडल्यासारखं झालं, मग पावावरचं चीज आणि मुळा खाताना विसरली.

रविवार

शेवटच्या दिवशी केप्पेले. नदीपलीकडच्या टेकडीवरचं हे छोटं चर्च 1748 ते 50 मधलं. त्याची तारीख मला चर्चपेक्षा महत्त्वाची वाटते. 1746 मध्ये फ्रीडरिश कार्ल गेला आणि अन्सेल्म फ्रान्झ फॉन इंगेलहाइम निवडून आला. या नव्या साहेबाला बांधकामात रस नव्हता, किमयेत होता. रेसिडेन्झचं काम थांबलं आणि नॉयमानला संचालकपदावरून काढलं. वय साठीच्या घरात, 27 वर्षांची नोकरी, आणि वाड्यातलं आतलं काम अर्धवट.

तो स्वस्थ बसला नाही. व्हिएन्नाच्या सम्राटवाड्यासाठी आणि श्टुटगार्टसाठी जिन्याचे नकाशे काढले, नेरेसहाइमच्या मठाचं चर्च आखलं आणि हे केप्पेलेही. 1749 मध्ये इंगेलहाइम वारला. पुढच्या ग्राइफेनक्लाउने नॉयमानला सन्मानाने परत घेतलं, आणि त्यानेच टिएपोलोला बोलावलं. साइड पोस्टिंगच्या काळात ज्याचं काम एवढं चांगलं होतं, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. माझ्या तसल्या वर्षांत मी वर्तमानपत्रं फार वाचली.

पायऱ्यांची वाट झाडीतून वर जाते, टप्प्याटप्प्यावर येशूच्या शेवटच्या वाटचालीचे दगडी देखावे. हे देखावे नंतरचे. वर कांद्याच्या आकाराचे कळस, आत प्रकाश भरपूर. चौथऱ्यावरून अख्खं शहर दिसतं: किल्ला, पूल, आणि पलीकडे वाड्याचं छप्पर. आम्ही तिथेच बाकावर बसून डबा खाल्ला. ठेपले आणि लसणाची चटणी. गुडघे दुखत होते, तरी ही खूश होती.

परतीच्या गाडीत मी नेरेसहाइमचा विषय काढला. तिथले घुमट नॉयमानला दगडात करायचे होते. तो गेल्यावर पुढच्या लोकांनी ते लाकडाचे केले, आणि तरी लोक त्या चर्चला त्याचं सर्वोत्तम काम मानतात. लाकडाचे का केले, काय फरक पडला, ते खाली उभं राहून बघायला हवं. लेकीने फोनवर वेळापत्रक पाहिलं. गाड्या बदलत जायचं आणि पुढे बस, रविवारी तर फार कमी.

"पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली.

"तुम्ही दोघं जा," ही म्हणाली. "मी आजींकडे बसेन. त्यांना नोट पण परत द्यायची आहे."